लंगड्या कुत्र्याचे पाणी आणि आपली जीवदया



पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची, हे आपल्याला आई-सासूने शिकवले. गायींसाठी गोशाळा झाल्या, कबुतरांना दाणे टाकायला ओटे झाले. कुत्र्याची मात्र त्या शेवटच्या पोळीपुढे फारशी चौकशी झाली नाही. गाडीखाली सापडून मागचा पाय ओढत चालणारे कुत्रे बीडच्या कुठल्याही रस्त्यावर दिसते. आपण पोळी टाकतो, ‘बिचाऱ्याचे कर्म’ म्हणतो आणि पुढे जातो.

पुण्या-मुंबईत आता अशा कुत्र्यांना कोमट पाण्याच्या टाकीत चालवतात आणि त्यांच्या पायात पुन्हा बळ आणतात. त्याला हायड्रोथेरपी म्हणतात, म्हणजे पाण्यातला व्यायाम. पाय मोडलेले, ऑपरेशन झालेले, म्हातारपणी सांधे धरलेले, असे सगळे कुत्रे तिथे येतात. मी हे सांगितले की आपल्यातल्या बऱ्याच जणी हसतात. ‘श्रीमंतांचे चोचले! इथे माणसांना टँकरचे पाणी आणि तिकडे कुत्र्यांना स्विमिंग पूल!’

मला हे चोचले वाटत नाहीत. आपल्याच जीवदयेच्या वाटेवरचा हा पुढचा टप्पा आहे, असे मला वाटते. ती वाट कुठून सुरू झाली, हे आज सांगते.

लाढ देशातली कुत्री

आचारांग सूत्रात भगवान महावीरांच्या साधनाकाळाचे वर्णन आहे. लाढ देशात, म्हणजे आजच्या बंगालच्या बाजूला, भगवान विहार करत होते. तिथले लोक त्यांच्या अंगावर कुत्री सोडत आणि ती कुत्री चावत. त्यांना हाकलणारे फार थोडे होते. इतर श्रमण त्या भागात हातात काठी घेऊनच फिरत. भगवानांनी काठी घेतली नाही. म्हणजे कुत्र्याशी आपले नाते प्रेमाच्या गोष्टीने सुरू होत नाही. चावणाऱ्या कुत्र्यालाही मारायचे नाही, या निश्चयापासून ते सुरू होते.

दुसरी कथा जीवंधरकुमारांची. दिगंबर परंपरेत ती विशेष सांगितली जाते. मारहाण झालेले एक कुत्रे मरणाच्या दारात पडले होते. जीवंधरांनी त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला. ते कुत्रे यक्ष झाले आणि पुढे जीवंधरांच्या उपयोगी पडले. लहानपणी ही कथा ऐकताना डोळ्यांत पाणी यायचे.

या दोन कथांमधून दोन गोष्टी मिळतात. एक, मारायचे नाही. दोन, मरताना साथ द्यायची. या दोन्हींच्या मध्ये एक मोठी जागा रिकामी आहे. जे कुत्रे मेलेले नाही, मरणारही नाही, पण चालू शकत नाही, त्याचे काय करायचे?

खंभातची लंगडी कुत्री

ही जागा भरायचा एक जुना प्रयत्न गुजरातमध्ये झाला. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८३ मध्ये लंडनहून निघाला आणि पुढची काही वर्षे हिंदुस्थानात फिरला. आपल्या बीडची खजाना विहीर त्याच सुमारास, निजामशाहीत बांधली गेली, म्हणजे काळ किती जुना ते लक्षात येईल. फिचने खंभातबद्दल लिहून ठेवले आहे की तिथले लोक कुठलाही जीव मारत नाहीत, लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी तिथे दवाखाने आहेत, आणि मुंग्यांनाही खायला घालतात. त्याच्या देशात असे काही नव्हते, म्हणून त्याला नवल वाटले. आपण मात्र एवढे लक्षात ठेवू, की चारशेहून जास्त वर्षांपूर्वीही कुणीतरी लंगड्या कुत्र्याला मुद्दाम जागा करून दिली होती.

हे दवाखाने म्हणजे पांजरापोळ. तिथे चारा-पाणी मिळे, सावली मिळे, कसायापासून संरक्षण मिळे. उपचार मात्र फारसा नसे. एकोणिसाव्या शतकातल्या काही इंग्रज लेखकांनी पांजरापोळांवर टीका केली, की इथे जनावर मारत नाहीत, पण ते कुढत पडलेले असते. त्या टीकेत राज्यकर्त्यांचा तोरा होता. तरी बोलणे अगदीच खोटे नव्हते. जीव वाचवला की काम संपले, असे आपण मानत आलो.

मुंबई, जून १८३२

कुत्र्यांसाठी मुंबई बंद पडली होती, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता. कुत्र्यामागे पैसे मिळत, म्हणून शिपाई दारातली पाळीव कुत्रीही उचलू लागले. ६ जून १८३२ ला पारशी लोकांनी विरोध केला. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. माणूस गेल्यावर प्रेताजवळ कुत्र्याला आणून त्याची नजर पडू देण्याचा त्यांचा विधी आहे. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाले. पारशांबरोबर जैन आणि हिंदू व्यापारी उतरले, काही मुसलमानही आले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला जाणारे अन्न-पाणी अडवले गेले. शेवटी सैन्य बोलवावे लागले. धरपकड झाली, शिक्षाही झाल्या. पण त्यानंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, असा मार्ग निघाला.

लगेच पुढे, १८३४ मध्ये, मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. त्यामागे दोन मोठी नावे होती, पारशी शेठ जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे मोतीशा शेठ. पालिताण्याला शत्रुंजयावर ज्यांची टुंक आहे तेच हे मोतीशा. व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर ठराविक लाग द्यायचा आणि त्यातून पांजरापोळ चालवायचे, अशी व्यवस्था होती. मी कॉमर्सची, म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. जीवदया नुसत्या हळहळीवर सोडली नाही, तिला कायमचे उत्पन्न लावून दिले. भुलेश्वरच्या त्या पांजरापोळात सुरुवातीला कुत्रीही असत. पुढे ते मुख्यतः गायींचेच झाले.

सांभाळण्यापासून बरे करण्यापर्यंत

पुढचे पाऊल परळला पडले. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली. त्यानंतर दिनशा माणेकजी पेटिट यांनी दिलेल्या देणगीतून परळला जनावरांचे हॉस्पिटल उभे राहिले. त्याला त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे नाव दिले गेले, आणि ते आजही चालू आहे. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पांजरापोळात जनावर आयुष्यभर राही. इथे ते दाखल होई, औषध घेई आणि घरी जाई. हा फरक मोठा होता.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ही हवा इकडे पोचायला वेळ लागला. पण मुक्या जनावराच्या अंगाला हात लावून त्याला बरे करण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांकडेही होती. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी आठवा. वर्षभर जू वाहून दुखावलेले बैलांचे खांदे पाण्याने शेकायचे, हळद-तूप चोळायचे. ऊसतोडीला जाणारी आपल्या जिल्ह्यातली माणसे बैलाच्या खांद्याची किती काळजी घेतात, ते त्यांना विचारा. शेकणे आणि चोळणे हाच निम्मा उपचार आहे, हे त्यांना शाळेत न जाता कळले होते.

पाण्याचा इलाज कुठून आला

पाण्याने बरे करण्याच्या आधुनिक पद्धतीची सुरुवात बहुतेक जण व्हिन्सेंझ प्रिसनिट्झ या शेतकऱ्यापासून सांगतात. तो १७९९ मध्ये आजच्या चेक देशात ग्रेफेनबर्ग या डोंगराळ गावी जन्मला. त्याची अशी कथा सांगतात की लहानपणी त्याने एक जखमी हरिण पाहिले. ते रोज झऱ्यावर येई, दुखरा पाय पाण्यात धरून उभे राही, आणि हळूहळू ते बरे झाले. पुढे गाडीच्या अपघातात त्याच्या स्वतःच्या बरगड्या मोडल्या, तेव्हा त्याने ओल्या पट्ट्या बांधून स्वतःला बरे केले. नंतर त्याच्याकडे युरोपभरातून लोक येऊ लागले. कथा खरी असेल किंवा नसेल, पण लोकांनी पाण्याच्या उपचाराचा गुरू एका लंगड्या जनावराला मानले, हे मला महत्त्वाचे वाटते.

जर्मनीच्या लुई कूनेंचे कटिस्नान महात्मा गांधींनी स्वतः करून पाहिले होते. मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळ उरुळी कांचनला आले, तिथे त्यांनी गावकऱ्यांवर निसर्गोपचार केले, आणि तो आश्रम पुढे मणिभाई देसाईंनी वाढवला. आपल्याकडची कितीतरी माणसे तिथे जाऊन आली आहेत.

पण पाण्यात व्यायाम करायची गोष्ट आली ती पोलिओमुळे. आपल्या पिढीने पोलिओ पाहिला आहे, त्यामुळे जास्त सांगायला नको. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ मध्ये पोलिओने गेले. १९२४ मध्ये ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या कोमट झऱ्याच्या तलावात उतरले. जमिनीवर जे पाय हलत नव्हते ते पाण्यात थोडे हलले. १९२७ मध्ये त्यांनी तिथे पोलिओच्या रुग्णांसाठी संस्थाच काढली. माणसांकडून ही पद्धत जनावरांकडे आली. आधी शर्यतीचे घोडे आणि ग्रेहाउंड कुत्री, कारण त्यांच्यावर पैसा लागलेला असे. घरातल्या कुत्र्यांसाठी तळाशी सरकता पट्टा असलेल्या काचेच्या टाक्या पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागल्या.

पाण्यात नेमके काय होते

विहिरीत बुडालेली कळशी पाण्यात हलकी लागते आणि काठावर आली की जड होते, हे आपण सगळ्या जाणतो. कुत्र्याचेही तसेच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना पाण्यात उभे करून मोजले होते. पाणी मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर ९१ टक्के वजन राहते, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५ टक्के, आणि कमरेच्या सांध्यापर्यंत आले की फक्त ३८ टक्के. वीस किलोचे कुत्रे असेल तर कमरेएवढ्या पाण्यात त्याचे पाय साडेसात किलोच्या आसपास वजन पेलतात. जो पाय जमिनीवर टेकवायची त्याला भीती वाटते, तो इथे टेकवता येतो. शिवाय पाणी सगळ्या बाजूंनी अडवते, म्हणून हळू चालले तरी स्नायूंना काम पडते. पाणी कोमट, साधारण २८ ते ३२ अंश ठेवतात, त्यामुळे आखडलेले सांधे सैल होतात.

सर्वांत जास्त उपयोग होतो तो गुडघ्यातला अस्थिबंध तुटून ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांना. दुखतो म्हणून कुत्रे पाय उचलून धरते, उचलून धरल्यामुळे मांडी वाळते, मांडी वाळली की पाय आणखी चालत नाही. हे चक्र पाण्यात तुटते. लॅब्रॅडोर आणि अल्सेशियनचे कमरेचे सांधे उपजत सैल असतात, त्यांनाही फायदा होतो. लांब पाठीच्या डॅशहुंडची मणक्यातली चकती सरकून मागचे पाय लुळे पडतात, त्यांना पाण्यात आधार देऊन पाय टाकायला शिकवतात.

पण ही गंमत नाही. टाके सुकल्याशिवाय, जखम उघडी असताना, ताप असताना, हृदयाचा आजार किंवा फिट्स असताना पाण्यात उतरवत नाहीत. अंगात तरंगण्याचे जॅकेट घालतात, सोबत माणूस पाण्यात उतरतो, आणि सुरुवात दोन-तीन मिनिटांनी होते. आपल्या पोरांनी जखमी कुत्रे उचलून विहिरीत किंवा तळ्यात टाकले तर तो उपचार नाही, तो छळ आहे. आधी पशुवैद्याने एक्स-रे काढून हाड पाहायला हवे.

अप्काय आणि दुष्काळ

आता आपला खरा प्रश्न. पाणी हा आपल्याकडे जीव आहे, अप्काय. आपण पाणी गाळून घेतो, जिवाणी परत पाण्यात सोडतो, गरजेपुरतेच सांडतो. मग कुत्र्याला पोहायला हजारो लिटर पाणी कसे वापरायचे?

मी साधी श्राविका, निर्णय देणारी नाही. महासतीजींना, महाराजसाहेबांना विचाराच. मतभेदही जुने आहेत. तेरापंथाचे आचार्य भिक्षू यांनी अठराव्या शतकात लौकिक उपकार आणि आत्मकल्याण यांत स्पष्ट भेद केला होता. अनुकंपेला धर्म मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण आहे, म्हणजे विनाकारण होणारी हिंसा टाळणे. मौजेसाठी रेन डान्सला जाणे आणि पंचेंद्रिय जीवाचा पाय चालता करणे, यांतला फरक या व्रतामुळेच समजतो. हेतू आहे, म्हणून जयणाही हवी.

आणि हिशेबही करून पाहू. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट खोल टाकीत साधारण ४,२०० लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरच्या टँकरचे ते अर्धेही नाही. ते रोज बदलत नाहीत. गाळून, शुद्ध करून तेच पाणी फिरवतात आणि एकाच टाकीत दिवसभरात अनेक कुत्री चालतात. सरकत्या पट्ट्याच्या टाकीला याहूनही कमी पाणी लागते. एका लग्नात हॉलवर किती पाणी वाहते, त्याचा हिशेब आपण कधी मांडला आहे का?

तरीही ज्या उन्हाळ्यात गाव टँकरवर असेल त्या उन्हाळ्यात टाकी बंद ठेवावी, हे मला मान्य आहे. पाण्याशिवायही उपचार असतो. कोमट शेक, हळूहळू पाय वाकवणे-सरळ करणे, दोरीला धरून सावकाश चालवणे, घसरत्या फरशीवर गोणपाट टाकणे. हे पशुवैद्याकडून शिकून कुणीही करू शकते.

आपण काय करू शकतो

माणसांच्या बाबतीत आपल्या समाजाने हे पाऊल केव्हाच टाकले आहे. १९७५ मध्ये जयपूरला डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू केली आणि जयपूर फूट गावोगावी पोचला. त्याआधी पाय नसलेल्या माणसाला आपण मंदिराबाहेर नाणे देत होतो. नंतर त्याला पाय देऊ लागलो. दान तेच, पण ज्याला दिले तो आपल्या पायांनी चालत घरी गेला.

जनावरांच्या बाबतीतही वारे बदलते आहे. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी केंद्रात जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना परत रानात सोडतात. मुंबईत महालक्ष्मीला जुलै २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे १६५ कोटींचे प्राण्यांचे हॉस्पिटल सुरू झाले. रतन टाटांनी त्यामागचे कारण सांगितले होते. त्यांच्या एका कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात न्यावे लागले होते, पण तोवर उशीर झाला होता. १८३२ मध्ये कुत्र्यासाठी दुकाने बंद करणाऱ्या पारशी समाजातल्याच माणसाने हे केले. तेव्हा मोतीशा शेठ त्यांच्या बरोबर होते. आता आपण कुठे आहोत?

आपण कोट्यवधींचे हॉस्पिटल बांधू शकणार नाही. पण मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आपल्या महिला मंडळांनी आणि गोशाळांच्या ट्रस्टनी मिळून तिथे किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या दवाखान्यात एका टाकीचा, एका प्रशिक्षित मुलीच्या पगाराचा विचार करायला काय हरकत आहे? पर्युषणात जीवदयेच्या नावाने आपण जी रक्कम काढतो, तिचा एक छोटा वाटा उपचाराच्या नावाने वेगळा लिहावा. मोतीशांच्या लागेसारखा, दरवर्षी ठरलेला.

आणि रोजच्या रोज एवढे तर करूच. जखमी कुत्रे दिसले तर एकदम हात लावू नका. दुखावलेले कुत्रे ओळखीच्या माणसालाही चावते. जाड चादर टाकून, तोंड सांभाळून, फळीवर किंवा गोणपाटावर उचलून पशुवैद्याकडे न्या. चावलेच तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत पाय बसवला तर पुढचे पुष्कळ दुःख टळते.

कानात णमोकार सांगणारे जीवंधरकुमार आपल्याला माहीत आहेत आणि माहीत राहावेत. शेवटच्या श्वासाला तोच आधार आहे. पण गाडीखाली सापडलेल्या प्रत्येक कुत्र्याचा तो शेवटचा श्वास नसतो. कितीतरी कुत्र्यांची आठ-दहा वर्षे अजून बाकी असतात, आणि ती वर्षे ओढत काढायची की चालत, हे आपल्या हातात असते.

तुमच्या गावात गोशाळा किंवा पांजरापोळ असेल तर तिथे कुत्र्यांना घेतात का, पशुवैद्य आठवड्यातून किती वेळा येतो, हे जरूर विचारून मला कळवा. सगळ्यांची माहिती एकत्र करून पुढच्या लेखात मांडीन.

जय जिनेंद्र.